हातकागद करताना या चुका टाळा: कोकणातलं पाणी, हवा आणि केळीचा लगदा

ताव डागाळला किंवा चिरला की करणारा आपल्या हाताला दोष देतो. कोकणात आधी विहिरीकडे बघावं.

जांभ्याच्या भागातल्या पाण्यात लोह असू शकतं आणि केळीच्या सोपटात, म्हणजे खांबाच्या सालपटात, टॅनिन (तुरट द्रव्य) असतं. दोन्ही एकत्र आली की तावावर निळसर-काळे ठिपके उठतात. पांढऱ्या बालदीत पाणी रात्रभर उघडं ठेवा. सकाळी तळाला तांबूस गाळ दिसला तर वरचं निवळ तेवढं कापडातून गाळून घ्या. ताव उचलायच्या चौकटीला लोखंडी खिळेही नकोत, पितळी मारा. किनाऱ्यालगतचं मचूळ पाणी शेवटच्या धुण्याला वापरलं तर राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि ताव कधीच खडखडीत होत नाही. पागोळ्यांचं पाणी उत्तम, पण पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या आणि गंजक्या पत्र्याखाली पिंप लावू नका.

शिजवण्यात घाई नडते. सोपटाचे 2 ते 3 सेंमीचे तुकडे करा. ताव काढायच्या टबात लांब धागे एकमेकांत गुंततात. 1 किलो सुक्या धाग्याला 200 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि धागा पूर्ण बुडेल एवढं पाणी घालून अडीच-तीन तास उकळा. खाण्याच्या सोड्याने हे काम होत नाही. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा खातो. धागा आडवा ओढल्यावरही सहज सुटला की शिजला. मग धुणं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून थांबू नका, पीएच पट्टी (पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणारी) 7 च्या आसपास येईपर्यंत धुवा. सोडा राहिला तर ताव पुढे पिवळा आणि ठिसूळ होतो. चित्र टिकवायचं असेल तर लगद्यात 30 ते 50 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळा. तुरटीच्या जुन्या सवयीला मात्र फाटा द्या, ती कागद आम्लधर्मी करते.

मिक्सर धागा कापतो, कुटत नाही. अशा लगद्याचा ताव वाळल्यावर मऊ आणि पोकळ लागतो. लाकडी मोगरीने कुटा. चिमूटभर लगदा काचेच्या बरणीतल्या पाण्यात हलवून पाहा, एकही गाठ न राहता तो पसरायला हवा. पातळ ताव काढताना गाठी होत असतील तर भेंडी चेचून थंड पाण्यात भिजवा आणि तो गाळलेला चिकट रस टबात घाला. रस उकळला की चिकटपणा गेला, आणि उकाड्यात शिळा रसही पातळ होतो. रोज ताजा करावा.

ताव दाबायला चिरे हाताशी असतात, पण जांभ्याची तांबडी धूळ ओल्या तावाला लागली की डाग पडलाच. मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्लायची फळी घाला.

जुलै-ऑगस्टमध्ये ताव वाळवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. कामच करायचं असेल तर ताव सुती कापडात घालून दाबा, कापड रोज बदला, पंखा चालू ठेवा. लगदा पिळून फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळ्यात स्टार्चची खळ टाळा. बुरशी आणि कसर दोन्हींना ती आवडते. मिथाइल सेल्युलोज (सेल्युलोजपासून केलेली, पाण्यात विरघळणारी पूड) त्यापेक्षा बरं. मे महिन्यात उलटा त्रास: कडक उन्हात ताव वळतो, म्हणून फळीला चिकटवून सावलीत वाळवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपं.

तावात आंब्याचं हिरवं पान घालण्याचा मोह अनेकांना होतो. ओल्या पानाचा रंग सुटून भोवती तपकिरी कडं येतं. पान आधी उकळून, दाबून, पुरतं सुकवून घ्या.

उठावाचं काम करणाऱ्यांसाठी कुटण्याचं गणित वेगळं आहे. शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी 1970च्या दशकात 'जखमा' मालिकेत सिमेंटच्या साच्यांवर लगदा दाबून पांढऱ्यावर पांढरे उठाव काढले. असा ठसा घ्यायचा तर लगदा कमी कुटलेला हवा. जास्त कुटलेला वाळताना खूप आकसतो आणि कोपऱ्यात फाटतो. तारेच्या सांगाड्यावर कातड्यासारखा ताणलेला कागद हवा असेल, तर नेमकं तेच आकसणं कामाला येतं. साच्यातला ठसा वरून कोरडा वाटला तरी काढू नका. आतला थर ओला असेल तर बाहेर आल्यावर ठसा वाकडा होतो आणि परत दाबून सपाट बसत नाही.