टर्बो गेला: रिपेअर करायचा की एक्स्चेंज घ्यायचा?

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, आणि एक्स्चेंज म्हणजे जुना देऊन तयार दुसरा टर्बो घेणं. आधी टर्बोच गेलाय याची खात्री करा. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा, होज फाटला, व्हॅक्यूमची नळी सुटली किंवा टर्बोचा दाब सांभाळणारा अ‍ॅक्च्युएटर अडकला तरी पिकअप जातो. या तिन्ही गोष्टी टर्बो न काढता तपासता येतात. पण निळा धूर येत असेल आणि ऑइल भराभर कमी होत असेल, तर गाडी चालवू नका. डिझेल इंजिन टर्बोतून गळणारं ऑइलच इंधन म्हणून ओढायला लागलं, की चावी बंद करूनही थांबत नाही.

मग कारण शोधा. छोट्या गाडीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला 1,50,000 ते 2,00,000 फेरे घेतो, तेही फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. ऑइल आणणारी नळी कार्बनने चोंदली, परतीची नळी दबली किंवा इंजिनमध्ये ब्लो-बायचं (पिस्टनच्या कडेने खाली निसटणाऱ्या वायूंचं) प्रेशर वाढलं, तर रिपेअर केलेला आणि एक्स्चेंजचा टर्बो सारखाच मरतो. डिझेलमध्ये धुराचा फिल्टर तुंबलाय का तेही बघा.

आता खरा टप्पा: उतरवलेल्या टर्बोवरच्या खुणा वाचायच्या. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे शिकायला, आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. शाफ्ट बोटांत धरून हलवायचा आणि ‘प्ले आहे, गेला’ म्हणायचं, हा त्यातला पहिला. तरंगत्या बेअरिंगचा शाफ्ट ऑइल नसताना बाजूला थोडा हलणारच, नवा टर्बोही हलतो. दोन गोष्टी बघा. शाफ्ट एका बाजूला दाबून फिरवला की पातं हाउसिंगला घासतं का? आणि शाफ्ट आत-बाहेर हलतो का? आत-बाहेरचा प्ले हाताला स्पष्ट जाणवला, तर शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग संपलं.

मग टॉर्च घ्या. थंड (हवा ओढणाऱ्या) बाजूच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगवर पुसट घासल्याची खूण असेल तर चालेल. नख अडकेल इतकी चर पडली असेल, तर नवं कार्ट्रिज (शाफ्ट, पाती आणि बेअरिंगचा मधला भाग) टाकूनही पातं आणि भिंत यांच्यात फट राहते आणि बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, पूर्ण मिळत नाही. पात्यांच्या कडा कुरतडलेल्या असतील तर एअर फिल्टरच्या बाजूने काहीतरी आत गेलंय. गरम (धुराच्या) बाजूच्या ओतीव लोखंडात वेस्टगेटच्या, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, भोकाजवळ केसासारखी बारीक चीर बऱ्याचदा असते, तिला घाबरू नका. चीर बाहेरच्या भिंतीपर्यंत किंवा फ्लँजपर्यंत (बोल्टने जोडायच्या कडेपर्यंत) पोचली असेल, तर ते हाउसिंग पुन्हा वापरायचं नाही. बेअरिंगच्या जागी शाफ्ट निळा-काळा पडलाय म्हणजे ऑइल पोचलं नाही. तिथे बारीक चरे आहेत म्हणजे ऑइल घाण होतं.

दोन्ही हाउसिंग धड आहेत, पाती शाबूत आहेत, बिघाड बेअरिंग-सीलपुरता आहे आणि टर्बो साधा वेस्टगेटचा आहे, तर माझं मत रिपेअरच्या बाजूने. मूळ हाउसिंग तुमच्याच गाडीचं राहतं. पण अट एकच आणि ती सोडू नका: कार्ट्रिज हाय-स्पीड मशीनवर बॅलन्स झालं पाहिजे आणि त्याचा रिपोर्ट तुमच्या हातात आला पाहिजे. गॅरेजच्या टेबलावर किट बदलून ‘हाताने फिरवून बघितलं, मस्त आहे’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. हाताच्या वेगाला काहीही मस्तच फिरतं. नंबर जुळतो म्हणून आलेलं बिननावाचं स्वस्त कार्ट्रिजही नको.

व्हेरिएबल व्हेनचा, म्हणजे धुराचा झोत वळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांचा, टर्बो असेल तर हिशोब बदलतो. काजळीने अडकलेल्या व्हेन साफ होतात. मात्र पिना झिजल्या असतील, एखादी व्हेन तुटली असेल किंवा गरम हाउसिंग फुटलं असेल, तर सरळ एक्स्चेंज घ्या. व्हेन किती बंद व्हायच्या त्याचा स्क्रू फ्लो बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मशीनवर, सेट करावा लागतो. तो अंदाजाने फिरवला की गाडी कधी लिंप मोडमध्ये जाते (कॉम्प्युटर ताकद कमी करतो), कधी खालच्या वेगाला ओढतच नाही.

एक्स्चेंज घेताना प्लेटवरचा पूर्ण नंबर जुळवा, इंजिनच्या नावावर जाऊ नका. आत नवं कार्ट्रिज आहे की जुनंच तपासून बसवलंय, हे लेखी घ्या. जुना टर्बो किती दिवसांत परत द्यायचा आणि फुटलेलं हाउसिंग असेल तर जुन्यासाठी घेतलेल्या डिपॉझिटमधून किती कापणार, हेही आधीच ठरवा. परत देण्यापूर्वी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आणि वर सांगितलेली तपासणी होईपर्यंत तो हातातून सोडू नका, कारण टर्बो कशाने मेला त्याचा पुरावा तोच आहे.

बसवताना: ऑइलची नळी नवी, ऑइल आणि फिल्टर नवे, इंटरकूलर काढून त्यात साचलेलं ऑइल पूर्ण रिकामं. यातल्या सगळ्याची बिलं जपा, वॉरंटीचा दावा नळीच्या बिलावर अडू शकतो. ऑइलच्या फ्लँजला सिलिकॉन अजिबात लावू नका, त्याचा तुकडा सुटून नळी बंद करतो. सुरू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल ओता, इंधन बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत क्रँक करा, मग काही मिनिटं आयडलवर चालू द्या. त्या वेळात परतीच्या नळीचा जोड कोरडा आहे का ते बघा, आणि तो कोरडा असेल तरच रेस करा.