वेबसाइटवर पॉपअप लावून ईमेल कसे गोळा करायचे, तेही गिऱ्हाईक न पळवता

सोलापुरात आता चादरवाले, टॉवेलवाले, शेंगा चटणीवाले, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे सगळेच ऑनलाइन विकायलेत, आणि चांगलं विकायलेत. पण तक्रार बहुतेकांची एकच. इन्स्टावर जाहिरातीला पैसे घालतो, माणसं वेबसाइटवर येतात, दोन-चार डिझाइन बघतात आणि निघून जातात, मग त्यांना परत बोलवायचं तर पुन्हा जाहिरातीचे पैसे. यावर साधा उपाय म्हणजे माणूस जायच्या आत त्याचा ईमेल त्याच्या खुशीनं घेऊन ठेवणं, आणि त्यासाठी पॉपअप, म्हणजे पानावर मध्येच उघडणारी चौकट, हे चांगलं चालणारं साधन आहे. मी इथल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइटचं काम करतो आणि माझं मत स्पष्ट आहे, पॉपअप वाईट नसतो, तो कधी दाखवता आणि त्यात काय देता यावर सगळं ठरतं.

"ईमेल कोण वाचतंय, व्हॉट्सॲप आहे की" असं म्हणणारे खूप भेटतात. व्हॉट्सॲप वापराच, पण बिझनेस एपीआयवरून (एकदम खूप जणांना मेसेज पाठवायची धंद्यासाठीची सोय) जाहिरातीचे मेसेज पाठवायचे तर दर मेसेजला पैसे पडतात आणि लोक पटकन ब्लॉकही करतात. इन्स्टाचं पेज काही कारणानं बंद पडलं तर फॉलोअर गेले. ईमेलची यादी डाउनलोड करून ठेवता येते, एक टूल सोडून दुसरीकडं नेता येते. शिवाय टॉवेलचा मोठा माल कोण घेतं बघा, हॉटेलवाले, हॉस्पिटलवाले, दिवाळीला स्टाफला गिफ्ट देणाऱ्या कंपन्या, बाहेरगावचे व्यापारी, यांचं कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), बिल बहुतेक ईमेलवरच फिरतं. असा एक ईमेल हातात आला तर तो किरकोळच्या शंभर ईमेलपेक्षा भारी पडतो.

पॉपअप म्हणलं की जुन्या लोकांना ती धाडकन उघडणारी वेगळी विंडो आठवते. १९९० च्या दशकाच्या शेवटी ट्रायपॉड या साइटवर काम करताना इथन झुकरमन यांनी तसल्या जाहिरातीचा कोड लिहिला होता आणि २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. त्या विंडो आता ब्राउझरच अडवतात. आपण बोलतोय ते ओव्हरले, म्हणजे त्याच पानावर मजकुराच्या वर येणारी चौकट, मागचं जरा अंधुक होतं आणि मध्ये फॉर्म दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टूल नंतर बघा, आधी देणार काय ते ठरवा. "आमच्या न्यूजलेटरला सबस्क्राइब करा" एवढंच लिहिलं तर कोणी ईमेल देत नाही, द्यावा तरी कशाला. बहुतेक जण मग सरळ १० टक्के सूट लावतात, पण चादरीत मार्जिन किती उरतं ते तुम्हाला माहितीय, आणि एकदा सवय लागली की गिऱ्हाईक कूपनशिवाय घेतच नाही. माझा आग्रह असतो की सूट शेवटी ठेवा, आधी माहिती आणि सोय द्या. चादरवाला असाल तर अस्सल सोलापुरी जॅकार्ड (विणतानाच नक्षी उमटवलेली) चादर कशी ओळखायची, पहिली धुलाई वेगळी का करायची, गडद रंग सावलीत का वाळवायचे, याचं एक पानाचं पीडीएफ द्या. सोलापुरी चादरीला जीआय टॅग (ठराविक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारं कायदेशीर संरक्षण) आहे, तिच्या नावावर बाहेरचा माल खपवला जातो, त्यामुळं बाहेरगावच्या माणसाला ही माहिती खरंच हवी असते. चटणीवाला असाल तर ताजा घाणा कधी निघणार ते आधी कळवा, सोबत कडक भाकरी आणि दह्याबरोबर खायच्या दोन-तीन रेसिपी पाठवा. लग्नसराईत आहेराच्या टॉवेल-टोपीचे आणि चादरीचे सेट शोधणारे असतात, त्यांना बजेटप्रमाणे सेटची यादी द्या. आणि होलसेलसाठी तर डोकं लावायची गरजच नाही, "होलसेल रेट लिस्ट ईमेलवर मागवा" यापेक्षा चांगली ऑफर मला तरी अजून सुचलेली नाही, कारण ते मागणारा माणूस घ्यायच्या तयारीनंच आलेला असतो.

एकाच साइटवर सगळ्या पानांना एकच पॉपअप लावू नका. चादरीच्या पानावर चादरीचा, होलसेलच्या पानावर रेट लिस्टचा. जवळजवळ सगळ्या टूलमध्ये कुठल्या पानावर दाखवायचा ते निवडता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक करत नाहीत.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि इथंच जास्त बिघडतं. नवी पेठेतल्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या कोणी वही पुढं करून "आधी नंबर लिहा" म्हणलं तर माणूस उलट्या पावली फिरेल ना, पान उघडल्याबरोबर येणारा पॉपअप नेमकं तेच करतो. त्यानं अजून तुमचा माल बघितलेलाच नाही. म्हणून एकतर पान अर्धं खाली स्क्रोल झाल्यावर दाखवा, नाहीतर दुसरं-तिसरं प्रॉडक्ट उघडल्यावर, किंवा ठराविक सेकंदांनी. सेकंद किती ठेवायचे हे ॲनालिटिक्समध्ये (साइटवर लोक काय बघतात, किती थांबतात ते दाखवणारं टूल) बघा, लोक त्या पानावर सरासरी जेवढं थांबतात त्याच्या निम्म्या वेळेला लावून सुरुवात करा आणि मग मागंपुढं करा. एक्झिट इंटेंट म्हणून प्रकार असतो, माउस वर टॅब बंद करायच्या दिशेनं गेला की पॉपअप येतो. कॉम्प्युटरवर तो चांगला आहे, पण मोबाइलवर माउसच नाही त्यामुळं तिथं टूल झटकन वर स्क्रोल करणं किंवा बॅक दाबणं यावरून अंदाज बांधतात आणि तो अंदाज बऱ्याचदा चुकतो. इन्स्टावरून येणारं गिऱ्हाईक मोबाइलवरच असतं, तेव्हा यावर फार भिस्त ठेवू नका.

मला स्वतःला सगळ्यात पटतो तो क्लिकवर उघडणारा. म्हणजे पानावर "रेट लिस्ट मागवा" असं बटण असतं आणि ते दाबलं की चौकट येते. मागितल्याशिवाय तो कोणाच्या अंगावर येत नाही, आणि ज्यानं स्वतःहून बटण दाबलंय तो ईमेल भरायच्या तयारीतच असतो. संख्या कमी येईल पण ईमेल पक्के येतील.

कार्ट आणि पेमेंटच्या पानावर मात्र कुठलाच पॉपअप नको, तिथं माणूस पैसे द्यायला आलाय, त्याला देऊ द्या.

मोबाइलचं थोडं सविस्तर सांगतो. १० जानेवारी २०१७ पासून गूगलनं नियम केलाय की सर्चमधून आलेल्या माणसाला मोबाइलवर मजकूर झाकणारा पॉपअप लगेच दाखवला तर त्या पानाची रँक खाली जाऊ शकते. वयाची खात्री, कुकीची (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) कायदेशीर सूचना, लॉगिन अशा गोष्टींना सूट आहे, आणि थोडीच जागा घेणारी पट्टीही चालते. म्हणून मोबाइलला पूर्ण स्क्रीन झाकू नका, खालून येणारी छोटी पट्टी ठेवा. बंद करायची फुली बोटानं सहज दाबता येईल एवढी मोठी हवी, फिकट करड्या रंगात लपवलेली नको. ईमेलच्या रकान्याचा टाइप ईमेल असाच ठेवा म्हणजे कीबोर्डवर ॲटचं चिन्ह समोरच येतं. आणि कीबोर्ड उघडला की अर्धी स्क्रीन जाते, तेव्हा बटण त्याच्याखाली दडतंय का ते स्वस्तातल्या फोनवर, इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. फोटो जड असेल तर पॉपअप अडखळत येतो, वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) करून हलका करा.

फॉर्ममध्ये रकाना एकच, ईमेल. नाव, नंबर, पिनकोड, जन्मतारीख हे सगळं मागत बसलात तर माणूस बंद करून जातो, बाकीचं ऑर्डरच्या वेळी कळतंच की. बटणावर "सबमिट" लिहू नका, "रेट लिस्ट पाठवा", "रेसिपी पाठवा" असं जे मिळणार आहे तेच लिहा. भाषेचं बघायचं तर गिऱ्हाईक पुणे-मुंबईचं असेल तर मराठी ठेवा, हैदराबाद-बेंगळुरूचं जास्त असेल तर इंग्रजी. शहर ओळखून वेगळा पॉपअप दाखवायची सोय काही टूलमध्ये असते, म्हणजे सोलापूरच्या माणसाला दुकानाचा पत्ता आणि बाहेरच्याला कुरिअरची ऑफर, कल्पना छान आहे पण मोबाइल नेटवर शहर बऱ्याचदा चुकीचं दिसतं, तेव्हा राज्य किंवा देश एवढ्यावरच थांबा.

नको म्हणणाऱ्याचाही मान राखायचा. "नको, मला महागच घ्यायचंय" असली टोमणा मारणारी लिंक बरेच जण लावतात, तिला कन्फर्म शेमिंग म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध (गिऱ्हाईकाला फसवून किंवा दबाव आणून काही करायला लावणाऱ्या डिझाइनच्या युक्त्या) मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत, हा त्यातलाच एक. खोटा टायमर लावून "शेवटची १० मिनिटं" दाखवणं आणि तीच तीच चौकट समोर आणून सतवणं हेही त्यात आहे. म्हणून साधं "आत्ता नको" लिहा. एकदा बंद केल्यावर निदान महिनाभर त्याला परत दाखवू नका, टूलमध्ये कुकीची मुदत असते तिथं ३० दिवस टाका. ज्यानं ईमेल दिलाय त्याला परत कधीच नको, आणि तुमच्याच मेलमधल्या लिंकवरून आलेल्यालाही नको.

२०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचेत. आपल्या कामाचं त्यात एवढं, की परवानगी माणसानं स्वतः आणि समजून दिलेली पाहिजे, आधीच टिक केलेला चौकोन चालत नाही, आणि परवानगी काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. खाली एक ओळ टाका, "महिन्यातून दोन मेल येतील, नको वाटलं तर एका क्लिकवर बंद", आणि मग खरंच दोनच पाठवा.

टूलचं फार मनावर घेऊ नका. वर्डप्रेस असेल तर पॉपअप मेकर प्लगइन किंवा मेलपोएट, शॉपिफाय असेल तर त्यांचंच फॉर्म्स ॲप, नाहीतर मेलरलाइट, ब्रेवो, मेलचिंप, झोहो कॅम्पेन्स यातलं काहीही. फुकट प्लॅनच्या मर्यादा बदलत असतात, त्या तेवढ्या घ्यायच्या आधी वाचा.

कूपन किंवा पीडीएफ लगेच स्क्रीनवर दाखवू नका, मेलनंच पाठवा, नाहीतर लोक काहीही खोटा पत्ता टाकून कोड घेऊन जातात. डबल ऑप्ट-इन चालू ठेवा, म्हणजे आलेल्या मेलमधली लिंक दाबली तरच नाव यादीत चढतं. थोडे ईमेल गळतात पण स्पेलिंग चुकलेले आणि बोगस आपोआप बाहेर राहतात. हा पहिला मेल लगेच, त्याच मिनिटाला गेला पाहिजे.

आणि मेल इनबॉक्समध्ये पडायला पाहिजे ना. पाठवणारा पत्ता साध्या जीमेलचा नको, तुमच्या डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा घ्या. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगची यादी) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे त्यावरून तपासलं जातं, टूलवाले तयार मजकूर देतात, तो डोमेन घेतलाय तिथं पेस्ट करायचा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं हे कडक केलंय, जीमेलला दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइब सक्तीचं आहे, आणि स्पॅमची तक्रार ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावी लागते. तुम्ही एवढे पाठवत नसाल तरी तिन्ही आत्ताच करून ठेवा.

आकडे कसे बघायचे, तर पॉपअप २००० वेळा दिसला आणि ४० ईमेल आले तर २ टक्के झाले. पण नुसता हा टक्का वाढवायच्या मागं लागू नका, त्या ४० जणांपैकी किती जणांनी मेलमधली लिंक दाबली आणि किती ऑर्डर आल्या ते बघा. मेल उघडल्याचा आकडा आता भरवशाचा राहिला नाही, २०२१ मध्ये ॲपलनं प्रायव्हसीची सोय आणल्यापासून आयफोनवर न उघडलेला मेलही उघडल्यासारखा दिसू शकतो. बदल करताना एका वेळी एकच करा, आधी ऑफर बदलून बघा, मग वेळ, मग हेडिंग, रंगाचं सगळ्यात शेवटी. छोट्या साइटवर दोन दिवसांत निकाल काढू नका, दिवाळीच्या आठवड्याची तुलना पितृपक्षाच्या आठवड्याशी तर करूच नका, दोन्हीकडं सारखे दिवस घ्या. आणि सहा महिने ज्यांनी एकदाही लिंक दाबली नाही किंवा काही घेतलं नाही त्यांना "अजून मेल पाठवू का" एवढं एकदा विचारा, उत्तर नाही आलं तर नाव काढून टाका.