विदर्भातल्या खेड्यात घराण्याचा माग कसा काढावा

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करा, पण त्यांना सन विचारू नका. "आबाजी वारले तेव्हा घरात कोण कोण होतं? मोठ्या बाबांचं लग्न झालं होतं का? कोणतं वावर तेव्हा आपल्याकडं होतं?" असं विचारलं की माणसं भराभर बोलतात. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ १९१८ ची, गांधीजी गेले १९४८ ला, मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) गेली १९५१ ला. सांगितलेली गोष्ट यांच्या आधीची की नंतरची एवढं कळलं तरी वर्षाचा अंदाज बसतो. प्रत्येक पिढीतल्या बायकांचं माहेरही लिहून घ्या. लोक नेमकं हेच सोडतात आणि मग वर्षभर चुकीच्या गावच्या वह्या चाळतात. पहिलं बाळंतपण माहेरी होत असे, म्हणून थोरल्या मुलाच्या जन्माची नोंद बरेचदा त्याच्या आजोळच्या गावात असते.

घरी शेती असेल तर पुढचं काम पटवाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे. आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात, त्यातला जुन्यात जुना फेरफार मागा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख, मुलं आणि विधवा एकाच ठिकाणी मिळतात. त्याच्या जोडीला गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, पाहा. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुलींची नावं सहसा नसतात. त्यामुळे नाव नाही म्हणजे मुलगी नव्हती असं धरू नका. जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदलले असतील तर जुना सर्वे नंबर कोणता होता हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढून घ्या, नाहीतर दुसऱ्याच घराचा इतिहास हाती येतो.

इथून पुढं तुमचं गाव वऱ्हाडात की नागपूरकडं, यावर सगळं अवलंबून आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ हा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आला तरी निजामाचा गणला जाई. तिथं रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरी, म्हणून खातेदाराचं नाव सरळ सापडतं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) इकडे मालगुजारी. बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे सारा ठरवताना बनवलेल्या दप्तरात, मालगुजाराचं नाव पुढं असतं आणि तुमचा पणजा खाली कुळांच्या यादीत. त्याच्यापुढं काय लिहिलंय ते नीट वाचा. 'मौरूसी' किंवा 'मुतलक मौरूसी' असेल तर कुळाचा कायम हक्क होता, आणि 'मालक मकबुजा' असेल तर जमीन त्याच्या स्वतःच्या मालकीची होती. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा मालगुजारीचा काळ आणि त्यानंतरचा काळ यांमधला सांधा आहे. तो जरूर काढा.

शेती नसलेल्या घराला सगळ्यात मोठा आधार कोतवाल बुकाचा. पूर्वी गावातल्या जन्म-मृत्यूची खबर कोतवाल देई. त्या वह्या आता तहसीलमध्ये किंवा जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. एका ओळीत तारीख, बापाचं नाव, जात, गाव आणि पुढं नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव नसतं, कारण बारशाआधीच खबर गेलेली असते. आडनावही बहुतेक वेळा नसतं. म्हणून 'गणपत वल्द सखाराम' (सखारामचा मुलगा गणपत) दिसला की लगेच उडी मारू नका. त्या गावात तसे दोन गणपत असू शकतात. जात, भावंडांच्या जन्मातलं अंतर आणि बापाच्या मृत्यूची नोंद, तिन्ही जुळली तरच तो आपला. मृत्यूच्या ओळीत कारणही असतं: ताप, पटकी, देवी. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं तर आवर्जून बघा. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या साथीनं हाहाकार केला होता आणि कितीतरी घरांतली मधलीच पिढी तेव्हा गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर अनेक घरांच्या जातीच्या रकान्यात 'बौद्ध' दिसू लागतं. आधीच्या वहीत वेगळी जात आहे म्हणून धागा तुटला असं समजू नका, बाप-आजाचं नाव धरून मागं जा.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर जन्मतारखेसाठी फार भरवशाचं नाही. गुरुजींनी अंदाजानं १ जुलै लिहिलेली शेकडो नावं त्यात सापडतील. पण बापाचं नाव, गाव, जात आणि शाळा कधी सोडली हे त्यात पक्कं असतं. १९५० च्या आसपासच्या शाळा जनपद सभेच्या, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, असत, तेव्हा जुन्या कागदावर तेच नाव दिसेल.

कागद मिळत नाही तेव्हा बरेचदा जिल्हा चुकलेला असतो. वाशीम १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ ला चांद्यातून वेगळं झालं, त्यामुळे जुनी दप्तरं मूळ जिल्ह्याला असू शकतात. एकाच नावाची दोन गावं असतील तर खुर्द की बुद्रुक ते तपासा. आणि घरी 'आपण त्या रिठावरून आलो' असं बोललं जात असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. उठून गेलेल्या गावाचा मौजा 'रिठी' म्हणून महसुली कागदात अजून असतो आणि त्याचे कागद शेजारच्या गावाच्या पटवाऱ्याकडं मिळतात.

नक्कल मागताना अर्जावर कोर्ट फी तिकीट लावा आणि त्यात मौजा, पटवारी हलका नंबर, तालुका, वर्ष व नोंदीचा प्रकार लिहा. 'जुने कागद द्या' असा अर्ज परत येतो. अकोला, अमरावतीचे बरेच जुने अभिलेख शासनाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, जाण्याआधी तिथं पाहा. मोडीतलं पान असेल तर फक्त तुमच्या ओळीचा नव्हे, वरच्या मथळ्यासकट पूर्ण पानाचा फोटो घ्या. मोडी वाचणाऱ्याला अक्षराचं वळण ओळखायला आजूबाजूच्या ओळी लागतात. सन शकाचा असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली असेल तर ५९०. हिशेब एखाद्या वर्षानं मागंपुढं होतो.

वंशावळ सांगणाऱ्या भाटाची पोथी आणि नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या शेवटी उघडा. तिथं गाव आणि आडनाव सांगितलं की कोण कधी आलं, कोणाचं श्राद्ध केलं ते निघतं. आजा-पणजाची नावं आधी कागदावर पक्की असतील तरच तिथली पुढची नावं धरा. भाटानं सांगितलेलं पण कागदावर न सापडलेलं नाव वंशावळीत पेन्सिलीनं लिहा.