आधी पीक वाचा, मग पुढारी

नाशिकला इतिहासात एम. ए. करायला आलो तेव्हा स्वातंत्र्योत्तर आफ्रिकेचा मी एक तक्ता केला होता. देश, नेता, साल. घाना, क्वामे एन्क्रुमा, ६ मार्च १९५७. केनिया, जोमो केन्याटा, १२ डिसेंबर १९६३. असा पानभर. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत तो टेबलासमोर चिकटवून मी घोकला. पहिल्या चाचणीत एन्क्रुमांवर दीड पान लिहिलं: थोर, द्रष्टे, राष्ट्रपिता. मॅडमनी लाल शाईने समासात एवढंच लिहिलं, "घानात पिकतं काय?"

मला सांगता येईना. लासलगावजवळचं आमचं गाव, घरचा कांदा, आणि ज्या देशाच्या पुढाऱ्यावर दीड पान लिहिलं त्या देशाचं पीक ठाऊक नाही. फार लाज वाटली.

घानात कोको पिकतो. इंग्रजांच्या काळात, देशाचं नाव गोल्ड कोस्ट असताना, १९४७ मध्ये कोको खरेदीचं सरकारी मंडळ निघालं. शेतकऱ्याला मंडळ बांधलेला भाव देणार, माल जगाच्या बाजारात विकणार आणि वरचा पैसा स्वतःकडे ठेवणार. १९५४ मध्ये बाहेर कोको प्रचंड तेजीत होता. नेमका तेव्हाच, इंग्रजांच्या अमलातच निवडून आलेल्या एन्क्रुमांच्या सरकारने शेतकऱ्यासाठी ६० पौंडांच्या ओझ्याला ७२ शिलिंग भाव बांधून टाकला. ‘अशांती’ नावाच्या भागातले कोकोवाले खवळले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिथल्या कुमासी शहरात एन्क्रुमांविरुद्ध नवा पक्ष उभा राहिला. माझ्या तक्त्यात यातलं अक्षर नव्हतं.

हे वाचलं ते डिसेंबर २०२३ मध्ये. कांद्याची निर्यातबंदी नुकतीच लागली होती, आणि आमचा लाल कांदा निघालेला. उन्हाळी कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. रात्री फोनवर अण्णांना ७२ शिलिंगांची गोष्ट सांगितली. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, मग वरचे पैसे कुठं गेले?"

नव्याने हा विषय घेणाऱ्याला मी तेच सांगतो. चरित्रातलं बालपण, परदेशातलं शिक्षण नंतर वाचा. आधी एका पानावर लिहा: तिथं काय पिकतं किंवा जमिनीतून काय निघतं, घेतो कोण, भाव कोण ठरवतो, आणि वरचे पैसे कुठं जातात. घानात ते शाळांत, रस्त्यांत, तेमाच्या नव्या बंदरात गेले. व्होल्टा नदीवर अकोसोंबोचं धरण झालं, त्याचं उद्घाटन जानेवारी १९६६ मध्ये. पण १९६५ मध्ये कोकोचा भाव कोसळला होता आणि तिजोरी कर्जात होती. धरणाच्या उद्घाटनानंतर साधारण महिन्याने, २४ फेब्रुवारीला, एन्क्रुमा परदेशात असताना लष्कर आणि पोलिसांनी त्यांचं सरकार उलथलं.

हाच प्रश्न काँगोला लावा. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य, आणि ११ जुलैला कटांगा प्रांत फुटून निघाला. कटांगात तांबं आहे, हे कळलं की पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबांना सात महिन्यांच्या आत का मारलं गेलं ते उलगडायला लागतं. टांझानियात घायपात. आपल्या बांधावर असतं तसंच, दोराचं. तिथले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ च्या समाजवादी अरुशा जाहीरनाम्यानंतर घायपाताचे बरेच मळे सरकारकडे घेतले, ते का, हे त्या दोराच्या पडलेल्या भावाशिवाय समजत नाही. केनियाचं सगळं जमिनीपाशी येऊन थांबतं. तो वेगळा आणि मोठा अभ्यास आहे.

मात्र पिकावरून माणूस पुरता कळत नाही, हेही लक्षात असू द्या. जे. बी. दानक्वा हे गोल्ड कोस्टमधले नावाजलेले वकील. त्यांच्या पक्षाने १९४७ मध्ये एन्क्रुमांना परदेशातून बोलावून घेतलं, आणि १९४८ च्या दंगलींनंतर इंग्रजांनी दोघांनाही स्थानबद्ध केलं. पुढे एन्क्रुमांच्याच राज्यात, १९५८ च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, दानक्वा तुरुंगात गेले आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये तिथेच वारले. कोकोचा भाव पडला म्हणून हे घडलं नाही. एन्क्रुमा आवडले की विद्यार्थी हे गाळतात. मीही एका उत्तरात गाळलं होतं, आणि ते मला अजून टोचतं. धरण आणि तुरुंग दोन्ही एकाच उत्तरात लिहा.

अण्णांना मी धरणाचं सांगितलंय. "एवढं बांधलं म्हणजे माणूस कामाचा," असं त्यांचं मत झालंय. येत्या रविवारी घरी जाईन तेव्हा दानक्वांचं सांगायचं आहे. ते काय विचारतील, याचा मी आत्तापासून विचार करतोय.