एसईएमचे रिझल्ट पेपरात कसे लिहायचे, होमस्टेच्या उदाहरणावरून

परवा फोंड्याची एक मुलगी तिचा एसईएमचा (स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, थेट मोजता न येणाऱ्या गोष्टींमधले संबंध एकत्र तपासायची पद्धत) रिझल्टचा चॅप्टर घेऊन आली. एमॉस या सॉफ्टवेअरमधनं निघालेली टेबलं जशीच्या तशी वर्डमध्ये चिकटवलेली आणि खाली एकच ओळ, "मॉडेल फिट आहे". मेहनत खूप केलेली तिने, गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत होमस्टे फिरून पाहुण्यांकडनं फॉर्म भरून घेतलेले, पण वाचणाऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून जे सरळ केलं तेच इथे लिहिते.

मॉडेल साधं होतं. यजमानांची आपुलकी, त्यातून पाहुण्यांचं समाधान, त्यातून परत यायची इच्छा. तीन लेटंट व्हेरिएबल (थेट न मोजता प्रश्नांवरून मोजायच्या गोष्टी, पुढे यांनाच फॅक्टर म्हटलंय), प्रत्येकाला चार प्रश्न, एकूण १२. खालचे आकडे मी फक्त उदाहरणासाठी घेतलेत, तिचे नाहीत.

आधी मेथडमध्ये सांगून टाका की किती फॉर्म वाटले, किती वापरले, रिकाम्या उत्तरांचं काय केलं, सॉफ्टवेअर आणि व्हर्जन कुठलं, एस्टिमेटर (मॉडेलचे आकडे काढायची पद्धत) कुठला. लाइकर्टची (किती सहमत ते आकड्यात सांगणारी) उत्तरं एका टोकाला झुकलेली असतील तर साधा मॅक्सिमम लाइकलिहुड का चालवला याचं कारण लिहा, नाहीतर एमएलआरसारखा रोबस्ट (झुकलेल्या उत्तरांनाही चालणारा) एस्टिमेटर वापरा. आणि आपल्याकडे एक गोष्ट हमखास राहते ती म्हणजे फॉर्मची भाषा. कोणी कोकणीत भरतो, कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत, आणि "आपुलकी"चं इंग्रजीत हॉस्पिटॅलिटी झालं की दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींना मार्क देत असतात. म्हणून भाषांतर कसं तपासलं ते लिहाच, आणि प्रत्येक भाषेचे पुरेसे फॉर्म असतील तर मेजरमेंट इन्व्हेरियन्सही (सगळ्या भाषांत प्रश्न तीच गोष्ट तशीच मोजतात का) तपासून दाखवा.

आता डीएफ, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, हातातल्या माहितीतून मॉडेलने काढलेले आकडे वजा केल्यावर उरतं ते. लोक हा आकडा सहज गाळतात आणि मला तर तो सगळ्यात आधी बघायचा असतो. १२ प्रश्न म्हणजे १२ गुणिले १३ भागिले २, ७८ माहितीचे तुकडे (प्रश्नांचे व्हेरियन्स आणि कोव्हेरियन्स). सीएफएमध्ये (कन्फर्मेटरी फॅक्टर ॲनालिसिस, कुठले प्रश्न कुठला फॅक्टर मोजतात एवढंच तपासणारं मॉडेल) मोकळी लोडिंग, म्हणजे फॅक्टर आणि प्रश्नामधले दुवे, ९ (प्रत्येक फॅक्टरचं एक १ वर बांधलेलं), एरर १२, फॅक्टरचे व्हेरियन्स ३, कोव्हेरियन्स ३, झाले २७. ७८ वजा २७, ५१. आपुलकीपासून परत येण्यापर्यंत थेट बाण नसेल तर स्ट्रक्चरल मॉडेलचा (फॅक्टरमधले बाण असलेल्या) डीएफ ५२. तुमच्या पेपरात सीएफएचा ४८ छापलं असेल तर बहुधा कुठेतरी एररच्या तीन जोड्या एकमेकांना जोडल्यात आणि सांगितलं नाही, अशी शंका वाचणाऱ्याला लगेच येते. जोडले असतील तर कुठले जोडले आणि का ते उघड लिहा. मॉडिफिकेशन इंडेक्स (कुठला दुवा जोडला तर फिट सुधारेल ते सांगणारा आकडा) मोठा होता हे कारण नव्हे, दोन प्रश्नांची शब्दरचना जवळजवळ सारखी होती हे कारण.

रिझल्ट दोन टप्प्यांत द्या, आधी सीएफए मग स्ट्रक्चरल. फिटचं वाक्य असं बसतं: "३२० जणांच्या सॅम्पलवर सीएफएचा काय-स्क्वेअर ९६.४, डीएफ ५१, पी ०.००१ पेक्षा कमी, सीएफआय ०.९६, एसआरएमआर ०.०४, आरएमएसईए ०.०५३, त्याचा ९० टक्के इंटरव्हल ०.०३६ ते ०.०६९." काय-स्क्वेअर मॉडेल आणि डेटातला फरक तपासतो; सीएफआय १ च्या जितका जवळ तितका फिट बरा, एसआरएमआर आणि आरएमएसईए जितके लहान तितका बरा. काय-स्क्वेअर सिग्निफिकंट आला म्हणून लपवू नका, तो द्यायचाच. हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या पेपरातले सीएफआयला ०.९५, आरएमएसईएला ०.०६, एसआरएमआरला ०.०८ हे आकडे सगळे वापरतात पण ते पास-नापासचे मार्क नव्हेत. एमॉसमध्ये एसआरएमआर आपोआप येत नाही, प्लगइन्समधनं स्टँडर्डाइज्ड आरएमआरची खिडकी उघडी ठेवून मग मॉडेल चालवायचं. आणि स्मार्टपीएलएसवर (एसईएमची पीएलएस ही वेगळी पद्धत चालवणारं सॉफ्टवेअर) काम केलं असेल तर हेच टेबल कॉपी करू नका, पीएलएसची रिपोर्टिंगची पद्धत वेगळी आहे.

मग लोडिंग, कॉम्पोझिट रिलायबिलिटी (एका फॅक्टरचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात), एव्हीई (फॅक्टर आपल्या प्रश्नांतला सरासरी किती फरक समजावतो), आणि फॅक्टर एकमेकांपासून वेगळे आहेत हे दाखवायला एचटीएमटी हा आकडा. एका टेबलात मावतं.

पाथच्या (फॅक्टरमधल्या बाणांच्या) टेबलात अनस्टँडर्डाइज्ड आकडा, स्टँडर्ड एरर, पी आणि स्टँडर्डाइज्ड आकडा, चारही हवेत. एमॉस स्टँडर्डाइज्डच्या टेबलात पी देतच नाही, तिने पी दुसऱ्या टेबलातनं उचलून बाजूला लावलेले, तसं असेल तर तळटीपेत सांगा. पी ०.००० असं कधीच लिहू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. समाधान आणि परत यायची इच्छा, दोन्हींचा आर-स्क्वेअर (त्यातला किती फरक मॉडेलने समजावला) द्या. समाधानामार्फत होणारा इनडायरेक्ट इफेक्ट असेल तर बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून परत परत सॅम्पल घेणं) किती वेळा, साधारण ५,०००, आणि ९५ टक्के इंटरव्हल लिहा, नुसतं "मीडिएशन सिद्ध झालं" नको. एकाच वेळी भरलेल्या फॉर्मवरून "आपुलकीमुळे समाधान वाढतं" असं ठोकून लिहिता येत नाही, बाण उलटा काढूनही तोच फिट येऊ शकतो. "संबंध दिसतो" म्हणा.

शेवटी अपेंडिक्समध्ये १२ प्रश्नांचं कोरिलेशन मॅट्रिक्स, मीन आणि एसडी टाका. एक पान लागतं. डेटा पूर्ण असेल आणि साधा मॅक्सिमम लाइकलिहुड वापरला असेल तर तेवढ्यावरून कोणीही लावानमध्ये (आर या सॉफ्टवेअरमधलं एसईएमचं पॅकेज) तुमचं मॉडेल परत चालवून तुमचेच आकडे काढू शकतो. तिचं आम्ही तसंच चालवून बघितलं, एक लोडिंग नव्या टेबलात टाइप करताना ०.७१ चं ०.१७ झालेलं तिथेच सापडलं.