ढेकळावरचा डोंबारी आणि परीक्षकाचे आठ सेकंद

सोलापुरात पक्ष्यांचे फोटो काढायला लागलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेन्स कोणती घेऊ? दुसरा प्रश्न सहा महिन्यांनी येतो: इतका छान फोटो स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद कसा झाला? या दोन प्रश्नांचं नातं फार जवळचं आहे. दुसऱ्याच्या फोटोला नीट गुण देता यायला लागले की आपलं बोट शटरवर कधी पडायला हवं तेही कळायला लागतं. आणि ज्याने माळावर बसून पक्षी पाहिलेलाच नाही, त्याने पक्ष्यांच्या फोटोंना गुण देऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून इथे दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

आधी लेन्सचं उरकून घेऊ. 70-300 मिलिमीटरची असेल तर तिच्यावरच सुरुवात करा. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 300चा आवाका 450 इतका होतो आणि सिद्धेश्वर तलावाला तेवढा पुरतो. तिथले बगळे आणि पाणकावळे माणसांना सरावलेले असतात, त्यामुळे फारसे दूर पळत नाहीत. संक्रांतीच्या गड्डा यात्रेचे दिवस सोडून कुठल्याही सकाळी महिनाभर तिथे जा. फक्त उडणाऱ्या बगळ्यावर फोकस टिकवायचा सराव करा. महिन्यानंतर 150-600 किंवा 200-600 घ्यायची की नाही ते तुमचे हातच सांगतील, कारण या लेन्सचं वजन साधारण 2 किलो असतं.

कॅमेऱ्याची मांडणी एकदाच नीट लावून ठेवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यावर सतत जुळत राहणारा), सलग शूटिंग. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि छिद्र (अपर्चर) ठरवून टाका, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा आणि त्याची वरची मर्यादा 3200 ठेवा. नव्या कॅमेऱ्यात 6400 चालेल. बसलेला पक्षी स्थिर वाटतो, पण मान सतत हलवत असतो, म्हणून त्याच्यासाठीही 1/1000च्या खाली जाऊ नका. उडणाऱ्या बगळ्याला 1/2000 लागतो. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणाऱ्या कवड्या खंड्याला 1/3200. छिद्र एफ 6.3 ते 8. एक्स्पोजरची गंमत अशी की कॅमेरा सगळ्या जगाला करडं समजतो. गडद पाण्यापुढे पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे 0.7 ते उणे 1 करावं लागतं, नाहीतर पाठीवरची पिसं सपाट पांढरी पडतात आणि ती नंतर परत आणता येत नाहीत. उजळ आकाशापुढे कोतवाल असेल तर उलट अधिक 1 ते 1.7, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी सावली उरते.

आता खरी शाळा, म्हणजे माळ. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं. बार्शी रस्त्याने शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. हे वनविभागाचं क्षेत्र आहे, तेव्हा परवानगी घ्या, ठरलेला रस्ता सोडू नका आणि गाडी गवतात अजिबात घालू नका. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो आता इथून जवळजवळ गेला आहे. त्याच्या नावाचा माळ मात्र अजून भरलेला आहे. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत फिरतात. धाविक चार पावलं पळतो आणि थबकतो. माळटिटवी आहे, पखुर्ड्या आहेत आणि डोंबारी आहे.

डोंबाऱ्यावर थोडा वेळ थांबू, कारण एवढासा पक्षी फोटोग्राफीचा अर्धा अभ्यासक्रम शिकवतो. चिमणीएवढा चंडोल. नराचं डोकं राखी, पोट काळं, आणि डोळ्यातून आरपार गेलेली काळी पट्टी. अडचण नेमकी या पट्टीत आहे: काळा डोळा काळ्या पट्टीत बुडून जातो. दहापैकी नऊ फोटोंत पक्षी आंधळा दिसतो आणि परीक्षक पुढचा फोटो उघडतो. डोळ्यात उजेडाचा ठिपका यायला हवा. त्यासाठी सूर्य तुमच्या पाठीशी आणि खाली असावा लागतो, आणि पक्ष्याची मान किंचित तुमच्याकडे वळलेली असावी लागते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि असा उजेड जेमतेम दीड-दोन तास मिळतो. डोंबारी ढेकळावर बसला की लगेच शटर दाबू नका, मान वळायची वाट पहा. वळली की पाच-सहा फ्रेम, आणि थांबा. नर वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीजवळ पुन्हा उसळी घेतो. या कसरतीवरूनच त्याला डोंबारी म्हणतात. हा खेळ पाहून घ्या, पण सुरुवातीला त्याच्या मागे कॅमेरा फिरवत बसू नका. खेळ संपवून तो बऱ्याचदा आधीच्याच ढेकळाच्या आसपास उतरतो, तिथे तयार रहा.

कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आला पाहिजे. उभ्याने काढलेल्या फोटोत मागे नुसती माती दिसते. पालथं पडलं की मागचं गवत लांब जाऊन मऊ होतं आणि पक्षी उठून दिसतो. पालथं पडायचं म्हणजे कुसळं आणि सराटे आलेच, तेव्हा जाड सतरंजी बरोबर ठेवा आणि मोजे नकोत, कुसळं त्यांतच घुसतात. जिथे गाडीतून उतरायला मनाई आहे तिथे खिडकीवर ठेवायची पिशवी लागते. जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा दुहेरी शिवून घ्या आणि त्यात दोन-अडीच किलो ज्वारी भरा. पिशवी तीन चतुर्थांशच भरा, ठासून भरली तर लेन्स तिच्यात रुतत नाही आणि घरंगळते. चादरीचं कापड जाड असल्याने काचेच्या कडेला फाटत नाही. ज्वारीला कीड लागते, म्हणून दर हंगामात बदला. इंजिन बंद ठेवायचं, कारण त्याची थरथर थेट लेन्सपर्यंत पोहोचते.

सोलापूरकरांना सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे उन्हाच्या झळा. फोटो घरी येऊन मोठा करून पाहिला तर पिसं विरघळल्यासारखी दिसतात. लोक लेन्सला दोष देतात, फोकस दुरुस्तीला पाठवतात. लेन्स ठीकच असते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा काचेसारखी वाकडीतिकडी होते आणि तिच्यातून आलेलं चित्र हलतं. हिवाळ्यात साडेनऊनंतर आणि मार्च-एप्रिलमध्ये आठनंतर लांबचे फोटो काढूच नका. मोठी लेन्स हा यावर उपाय नाही. अंतर कमी करणं हाच उपाय. दहा-पंधरा मीटरच्या आत हा त्रास खूप कमी होतो. आणखी एक कारण गाडीतच लपलेलं असतं: एसीने गार झालेल्या गाडीची काच खाली केली की खिडकीपाशीच गार आणि गरम हवा मिसळते आणि सगळे फोटो मऊ येतात. माळावर पोचायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा.

पाण्यावरचे पक्षी हवे असतील तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव आहे, आणि करमाळ्याकडे उजनीचं पाणी. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरून चिखल उघडा पडतो, तिथे रोहित येतात. होडीत ट्रायपॉड निरुपयोगी. कॅमेरा हातात धरा आणि कोपर होडीच्या कडेला टेकवू नका. नावाड्याला आधीच सांगून ठेवा: थवा मान वर करून एका दिशेने चालायला लागला की होडी थांबवायची. ती उडण्याची तयारी असते. थवा उडवून मिळवलेला फोटो जाणता परीक्षक लगेच ओळखतो, कारण सगळ्या पक्ष्यांची पाठ कॅमेऱ्याकडे असते.

ज्वारीच्या दिवसांत भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे पहावेत ते मंगळवेढ्याकडे. शेतकरी गोफण घेऊन पाखरं राखत असतो, त्याला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका, आणि फोटोसाठी थवा उठवायला त्याला मुळीच सांगू नका.

मार्च ते ऑगस्ट या काळात माळावर विशेष जपून वागावं लागतं. टिटवी, धाविक, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. चाळीस अंशांच्या उन्हात टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते, त्यांना गारवा देते. तुम्ही समोर ठाण मांडलं तर ती परत येत नाही आणि अंडी उन्हात तापत राहतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडते आहे किंवा पंख लोंबता टाकून चालते आहे, तर अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. आल्या वाटेने मागे फिरा. बऱ्याच भारतीय स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता स्पर्धेकडे वळू. समजा एका विभागात 1200 फोटो आले आणि परीक्षकाने प्रत्येकाला 8 सेकंद दिले, तरी 2 तास 40 मिनिटं सलग जातात. त्या आठ सेकंदांत फोटोने स्वतःच बोलायचं असतं. ऑनलाइन सलॉनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धांमध्ये, सहसा रुंदी 1920 आणि उंची 1080 पिक्सेलची मर्यादा असते. इथला हिशेब नवख्यांच्या लक्षात येत नाही: 2:3 आकाराचा उभा फोटो 720 बाय 1080 होतो, आडवा 1620 बाय 1080 होतो. म्हणजे उभ्या फोटोला पडद्यावर आडव्याच्या निम्म्याहून कमी जागा मिळते. उंच मानेचा करकोचा सोडला तर आडवाच फोटो पाठवा. मूळ फाइल 6000 पिक्सेल रुंद असेल आणि त्यात पक्षी जेमतेम 600 पिक्सेल असेल, तर कापून तो मोठा दिसेल, पण त्याचा प्रत्येक दोषही उघडा पडेल. पक्षी निदान 1500 पिक्सेल तरी असावा. लहान करताना बारीकसारीक कण (नॉइज) दबून जातात. धार (शार्पनिंग) शेवटी द्या, फोटो लहान केल्यानंतर. आधी दिली तर पिसांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. रंगांसाठी एसआरजीबी ही रंगव्यवस्था निवडा, नाहीतर भोरडीचा गुलाबी रंग परीक्षकाच्या पडद्यावर मळकट दिसेल.

नेचर विभागाची व्याख्या पाठ करा. फियाप (आंतरराष्ट्रीय), पीएसए (अमेरिकेची) आणि आरपीएस (ब्रिटनची) या फोटोग्राफीच्या संस्थांनी 2015 पासून ती एकसारखी केली. कापणं चालतं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणं चालतं. काही जोडणं, हलवणं, पुसणं चालत नाही. पायापाशी आलेली एक काडीसुद्धा नाही. माणसाच्या खुणा नकोत, पण जिथे पक्ष्याने माणसाचं जग आपलंसं केलं आहे तिथे अपवाद आहे. ज्वारीच्या कणसावरची भोरडी आमच्या मते या अपवादात बसते. मागे बुजगावणं आलं तर मात्र परीक्षक अडखळतो. सर्वांत महत्त्वाचं कलम असं की नुसत्या देखणेपणापेक्षा फोटो निसर्गाबद्दल काय सांगतो त्याला जास्त वजन द्यायचं. वेडा राघू काडीवर बसलेला, हा झाला देखणा फोटो. तोच राघू पकडलेली मधमाशी फांदीवर आपटून तिची नांगी निकामी करतो आहे, हा झाला सांगणारा फोटो. राघू झेप घेऊन बहुधा त्याच काडीवर परततो, तेव्हा तिथे आधीच फोकस लावून फ्रेममध्ये जागा सोडली की तोही मिळतो.

परीक्षक व्हायचं असेल तर आपल्याच जुन्या फोटोंपासून सुरुवात करा. शंभर फोटो घ्या, नावं काढून टाका, क्रम विस्कटा आणि 1 ते 9 गुण द्या. आठ दिवसांनी क्रम बदलून पुन्हा द्या. दोन्ही वेळच्या गुणांत जिथे दोनपेक्षा जास्त फरक पडला ते फोटो वेगळे काढा. बहुतेकदा असं दिसतं की एखाद्या अप्रतिम फोटोनंतर आलेल्या बऱ्या फोटोला तुम्ही उगाच मारलं होतं. म्हणून खरं परीक्षण करताना आधी पन्नास-साठ फोटो गुण न देता पाहून घ्यायचे, म्हणजे त्या वर्षीचा दर्जा कळतो. दर चाळीस मिनिटांनी दहा मिनिटं उठायचं. मोबाइलवर परीक्षण करायचं नाही. पडद्याचा रात्रीचा पिवळसर मोड बंद करा, पडद्यावर कोरं पान उघडा, शेजारी दिव्याखाली पांढरा कागद धरा. दोन्ही सारखेच उजळ दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी-जास्त करा. ओळखीचा फोटो समोर आला तर आयोजकांना सांगून त्याचे गुण सोडून द्या.

दुर्मीळ पक्षी म्हणून वाढीव गुण देऊ नका, या मताशी आम्ही ठाम आहोत. माळढोकाच्या धूसर फोटोला बक्षीस मिळालं की पुढच्या वर्षी पन्नास गाड्या त्याच्या मागे लागतात. चोच उघडी दिसली की पक्ष्याला त्रास दिला असाही निकाल लावू नका, उन्हात टिटवी चोच उघडी ठेवूनच अंग गार करते. पंख, मान, पायांची ठेवण हे सगळं एकत्र पाहायचं.

खोटेपणा पकडायलाही पक्षी-प्राण्यांची ओळखच लागते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत 2009 साली कुंपणावरून झेपावणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि 2010 मध्ये ते काढून घेतलं गेलं, कारण लांडगा बहुधा पाळलेला होता. रानातला लांडगा कुंपणाच्या फटीतून निघून जाईल, त्याला उडी मारायचं कारण काय, हा प्रश्न लांडगे पाहिलेल्या माणसाला सुचतो. पक्ष्यांच्या फोटोत असंच पहा: सावली आहे पण ती पाडणारी फांदी नाही, पाण्यातल्या प्रतिबिंबात काडी आहे आणि वर नाही, खंड्या दर फोटोत एकाच ठिकाणी सूर मारतो आहे म्हणजे पाण्याखाली मासे ठेवलेलं भांडं असू शकतं.

शंका आली की अंतिम फेरीत रॉ फाइल मागवली जाते. तेव्हा स्पर्धक म्हणून निवडलेल्या फोटोची रॉ फाइल पुढच्या-मागच्या पाच-पाच फ्रेमसह, मूळ क्रमांक न बदलता, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि फोल्डरच्या नावात तारीख, ठिकाण आणि पक्ष्याचं नाव त्याच संध्याकाळी लिहून टाका.