ब्रश, साबण नि एकच ब्लेड: घरी जुन्या पद्धतीची दाढी कशी सुरू करावी

तीन-चार ब्लेडवाला कार्ट्रिज सोडून साध्या दोन धारांच्या ब्लेडवर यायचं असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी धरा, हात बसायला दहा-बारा दाढ्या तरी जातात. पहिल्याच दिवशी गुळगुळीत गाल मिळणार नाही आणि मिळवायला जाऊही नका. हा सेफ्टी रेझर किंग कॅम्प जिलेटचा, पेटंट १९०४ चं, आणि त्याची ब्लेडं आजही आपल्याकडे गावातल्या किराणा दुकानात मिळतात, म्हणजे अडून राहायचं काही कारण नाही.

घ्यायचं काय? ब्लेडखाली दात नसलेला, सरळ पट्टीचा रेझर, साबण किंवा ट्यूबमधली क्रीम, तुरटीचा खडा आणि ब्रश. ब्रश सिंथेटिकच घ्या, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर काही म्हणजे काही सुकत नाही, नैसर्गिक केसांचा ब्रश आठवडाभर ओला राहिला की कुबट वास मारतो नि बुरशी धरते.

दाढी आंघोळीनंतर करा. बंबातल्या गरम पाण्यानं केस मऊ पडतात, नाहीतर गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं तोंडावर ठेवा.

आता फेस. खाडीजवळच्या घरांना हे खास सांगतो, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं की साबण नीट फेसाळत नाही, नुसता पांढरा चोथा होतो, मग माणसाला वाटतं साबणच वाईट. एक तांब्याभर प्यायचं पाणी दाढीला वेगळं ठेवा. ब्रश भिजवून झटका, साबणावर अर्धा मिनिट फिरवा आणि मग तोंडावर गोल गोल, मधेमधे थेंब-थेंब पाणी घालत. फेस फुगलेला नको, दह्यासारखा दाट आणि ओलसर चकाकणारा हवा, बुडबुडे दिसले तर अजून घोळवा.

मग कोरड्या हातानं गालावरून बोटं फिरवा आणि केस कुठल्या दिशेनं झोपलेत ते बघा, हे खरं तर फेस लावायच्या आधीच करायचं. गालावर बहुतेक खाली वाढतात पण गळ्याशी कित्येकांना भोवरा असतो, तिथे उगाच वरून खाली ओढलं की पुरळ येतं. पहिले दोन-तीन आठवडे फक्त सुलटा हात, म्हणजे केस झोपलेत त्याच दिशेनं. सलूनमधला उलटा हात, केसांच्या विरुद्ध दिशेचा, तो नंतर.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, दाबायचं नाही. रेझरचं डोकं गालाला सपाट टेकवा, दांडा हळूहळू खाली आणा, ब्लेड केसाला लागलं की तिथेच थांबा, साधारण ३० अंशाचा कोन होतो. दांडा शेवटाकडे बोटांनी हलका धरा, वजन रेझरचंच पुरतं. पंखा बंद करून ऐका, कोन बरोबर असला की बारीक खर्रखर्र ऐकू येते, आवाज गेला म्हणजे कोन गेला. दुसऱ्या हातानं कातडी ताणून बोटाच्या पेरभर ओढ घ्यायची, धुवायचं, परत. माझा पहिला काप हनुवटीच्या हाडावर बसला तो जुन्या सवयीनं दाब दिल्यामुळेच, पांढऱ्या फेसात लाल रेघ उतरताना अजून डोळ्यासमोर आहे. हनुवटी नि मिशीखाली म्हणूनच सगळ्यात शेवटी जा, तोवर तिथला केस आणखी मऊ पडतो.

राहिलेलं खुंट काढायचं असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात, कोरड्या कातडीवर कधीच नको.

झालं की गार पाणी मारा, ओल्या गालावर तुरटी फिरवा, मिनिटभर थांबून धुऊन टाका. जिथे चुरचुरेल तिथे दाब जास्त पडला होता, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. दाढी करून लगेच समुद्रात उतरू नका, खारं पाणी फार झोंबतं. कोरडं वाटत असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे.

रेझर धुवा, झटका, मोकळ्या हवेत ठेवा, धार टॉवेलनं पुसू नका. ब्रश केस खाली करून टांगा. ब्लेड चार-पाच दाढ्यांनी बदला, ओढायला लागलं तर आधीच. जुनी ब्लेडं परसात किंवा साध्या कचऱ्यात टाकू नका, पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात सोडत जा आणि डबा भरला की चिकटपट्टी लावून, वर ठळक अक्षरात ‘ब्लेड’ लिहून कचरा नेणाऱ्याच्या हातात सांगून द्या.